प्रायमर तळाला टेकतो तेव्हा

आर्विड लुंड पावणेसहाला उठला. पलंगाच्या कडेवर बसून त्याने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि ते नीट ठेवले गेले आहेत की नाही हे वाकून डोळ्यांनी पाहिले. गेल्या वर्षीच्या मार्चपासून त्याच्या तळव्यांना जमीन कळत नव्हती. आतड्याच्या कर्करोगावरची औषधे सहा महिने चालली होती. रोग गेला, आणि त्याच्याबरोबर तळव्यांतली आणि बोटांच्या टोकांतली जाणीवही गेली. ती परत येईल, असे डॉक्टर म्हणाले होते. केव्हा, ते सांगितले नव्हते.

शर्टाची बटणे त्याने आरशासमोर उभे राहून लावली. पूर्वी तो ती अंधारात लावत असे. आता प्रत्येक बटण काजात शिरताना पाहावे लागे, आणि सात बटणांना चार मिनिटे लागत. स्वयंपाकघरात त्याने कॉफी केली. कप किती गरम आहे हे तो आता मनगटाच्या आतल्या बाजूने तपासत असे. डेलोरिससाठी दुसरा कप झाकून ठेवला, बाहेरच्या थर्मामीटरमध्ये चार अंश पाहिले, कुंपणावरच्या टोमॅटोंना अजून दहिवराने झोडपलेले नाही याची नोंद मनात केली आणि कठड्याला कोपर टेकवत तळघराच्या अकरा पायऱ्या उतरला.

तळघरातले ओकच्या फळ्यांचे टेबल त्याने अडतीस वर्षांपूर्वी स्वतः केले होते. काउंटीच्या रस्त्यांवर एकतीस वर्षे ग्रेडर, म्हणजे पात्याने खडी सपाट करणारे यंत्र, चालवून तो निवृत्त झाला. त्या काळात रोज संध्याकाळी आणि नंतर रोज सकाळी तो या टेबलाशी बसत आला होता. डेलोरिस नेमबाज होती. जिल्ह्यात तिच्यासारखी रायफल कोणी चालवत नाही, हे तिच्या विरोधातले लोकही मान्य करत. ती मारत असलेले प्रत्येक काडतूस आर्विडने हाताने भरलेले असे. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रायफलीत घालायचे नाही, हा या भागातला जुना नियम; फक्त नवराबायकोपुरती त्यात सूट. आजारपणात शेत खंडाने गेले, पिकअप डेलोरिस चालवू लागली, बर्फ काढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. हे टेबल तेवढे राहिले होते.

आज टेबलावर प्रायमरांचे चार डबे होते: लाल, करडा, पिवळा आणि पांढरा.

काडतुसाचे इतर भाग कोणालाही दिसतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली गोळी, आत दारू. प्रायमर मात्र पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात दाबून बसवलेला असतो, मसुराच्या दाण्याएवढा. चाप ओढला की रायफलीची सुई त्याच्यावर आपटते, त्यातून ज्योत निघते आणि दारू पेटते. ज्योत दर वेळी सारखी निघाली नाही तर गोळीचा वेग बदलतो. शंभर यार्डांवर हा फरक दिसत नाही. सहाशे यार्डांवर तो कागदावर उभा राहतो: एक भोक वर, एक खाली, जणू कोणी शिडी टेकवली आहे.

मे महिन्यापासून डेलोरिसच्या कागदांवर ही शिडी दिसत होती. आर्विडने दारू बदलून पाहिली, पुंगळ्या वजनाने निवडून पाहिल्या, आणि जूनमध्ये निष्कर्ष काढला की बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या निळ्या प्रायमरांचा लॉट खराब झाला आहे. तसे त्याने नेमबाजी क्लबात सर्वांसमोर सांगितले, आणि उरलेले पंधराशे निळे प्रायमर तिथल्याच मर्ल केम्फरला देऊन त्याच्याकडून लाल घेतले. शिडी गेली नाही. आता दोन रविवारांनी हंगामातली शेवटची स्पर्धा होती, आणि त्याआधी खरा प्रायमर सापडायला हवा होता. सापडला नाही तर दोष कशात आहे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता.

त्याने प्रत्येक रंगाची पाच काडतुसे भरायला घेतली. टेबलाच्या उजव्या बाजूला लोखंडी हत्यार चार बोल्टांनी पक्के केले होते. त्याची मूठ खाली दाबली की प्रायमर खळग्यात सरकतो. आधी थोडा अटकाव, मग घसरण, मग तळाला टेकल्याची बारीक जाणीव, आणि त्यानंतर किंचित आणखी दाब. ही जाणीव बोटांना होते. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. शेवटी पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवायचे. प्रायमर पृष्ठभागाच्या जरा आत गेलेला असला पाहिजे. आर्विडने वीसही बुडांवरून बोट फिरवले. वीसही गुळगुळीत लागली.

दहा वाजता ते निघाले. क्लबाची नेमबाजीची जागा अठरा मैलांवर, गवताळ टेकड्यांमधल्या एका खोलगट घळीत होती. खडीच्या रस्त्यावर पिकअप थरथरू लागला तसे आर्विड म्हणाला, "बघ, बघ. पन्हाळी पत्रा करून ठेवलाय रस्त्याचा. पातं उचलून पळवतो हा नवा माणूस."

"निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून ग्रेडरवरून उतरला नाहीस तू," डेलोरिस म्हणाली.

"रस्ता चांगला असता तर उतरलो असतो."

ती चाळीस वर्षे याच रस्त्यांवर टपाल वाटत आली होती. कुठे चाक घालायचे आणि कुठे नाही हे तिला न बघता कळे. डावखुरी असल्यामुळे ती डाव्या हाताने चाक धरी आणि उजवा हात मोकळा मांडीवर ठेवी.

मर्ल केम्फर आधीच येऊन बसला होता. गव्हाच्या कोठाराचा हा जुना व्यवस्थापक आर्विडहून तीन वर्षांनी लहान होता आणि तीस वर्षांत त्याने टोमणा मारायची एकही संधी सोडली नव्हती.

"काय रे म्हाताऱ्या, आज चार-चार डबे? प्रायमर निवडतोयस की सुनेसाठी पडदे?"

"तुझ्यासारखं मिळेल ते ठासत नाही मी."

"लग्नाच्या वेळी तरी एवढं पारखून घेतलं होतंस का?"

"त्याला पारखायला मिळालंच कुठं?" डेलोरिस रायफलीची पिशवी उघडत म्हणाली. "मीच घाई केली. उशीर केला असता तर तू उरला होतास ना, मर्ल."

मर्ल खो खो हसला आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून आर्विडपुढे धरला. "हे बघ. कालचा. सहाशे यार्ड."

कागदावर पाच भोके होती. तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात, आणि उभी नव्हेत, गोल.

"चांगला आहे पुंजका," आर्विड म्हणाला. "कुठला प्रायमर?"

"निळा. तू जूनमध्ये माझ्या गळ्यात मारलास तोच. आता परत मागू नकोस, सांगून ठेवतो."

आर्विडने कागद दोनदा पाहिला. "तुझ्या नळीला मानवला असेल. नळीनळीचं असतं."

"असतं बाबा," मर्ल म्हणाला आणि कागद जपून खिशात घातला.

डेलोरिस सिमेंटच्या बाकाशी बसली, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि डावा गाल लाकडाला लावून दूरच्या झेंड्यांकडे पाहिले. आर्विड शेजारी उभा राहिला. चाचणीचा क्रम बिघडू नये म्हणून लाकडी ठोकळ्यातले एकेक काडतूस तो स्वतः तिच्या हातात देत होता. काडतूस घेतले की ती बुडावरून अंगठा फिरवी आणि मग ते रायफलीत घाली. या उन्हाळ्यात तिला ही सवय लागली होती. काही नेमबाज चापाला फुंकर घालतात, काही टोपी उलटी करतात. आर्विडला तो तसलाच प्रकार वाटत आला होता.

करड्यांची पाच झाली. दुर्बिणीतून आर्विडने पाहिले: शिडी. पिवळ्यांची पाच: शिडी. लालांपैकी पहिले काडतूस दिले तेव्हा डेलोरिसचा अंगठा बुडावर थांबला. तिने एकदा मान वर करून आर्विडकडे पाहिले.

"काय झालं?"

"काही नाही. वारा."

तिने ते आत घातले. नळीमागचा बोल्ट, काडतूस आत कोंडणारा दांडा, बंद करताना तिला जोर लावावा लागला. मग तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

टक् असा आवाज झाला. बाकी काही नाही.

"थांबा सगळे," डेलोरिस म्हणाली. नळी लक्ष्याकडेच रोखून ती स्थिर बसली. काही काडतुसे उशिरा उडतात, म्हणून तीस सेकंद हलायचे नसते. गवतातल्या टोळांचा आवाज ऐकू येऊ लागला. मर्ल पुढे सरकला आणि त्याने तोंड उघडले. "हा लाल माझाच ना? म्हणजे मी तुला फसवलं आणि तू मला—"

तीस सेकंद झाली. डेलोरिसने बोल्ट न उघडता नुसती सुई पुन्हा ताणली आणि चाप ओढला. या वेळी काडतूस उडाले. आवाज टेकड्यांवरून परत आला.

मर्लचे वाक्य तिथेच राहिले.

दर एप्रिलमध्ये क्लबात नव्या सभासदांचा वर्ग होई, आणि आजारी पडेपर्यंत बावीस वर्षे तो आर्विडने घेतला होता. फळ्यावर खडूने पुंगळी काढून तो सांगे: प्रायमर पहिल्या ठोक्याला पेटला नाही आणि दुसऱ्याला पेटला, तर प्रायमरला बोल लावू नका. तो तळाला टेकलेला नव्हता. पहिला ठोका त्याला खाली बसवण्यात गेला, दुसऱ्याने पेटवला. दोष बसवणाऱ्याचा. मर्ल त्या वर्गात पहिल्या रांगेत बसलेला होता.

"स्प्रिंग सैल झाली असेल सुईची," मर्ल म्हणाला. तो जमिनीकडे पाहत होता. "जुनी रायफल आहे."

"असेल," आर्विड म्हणाला.

"बाकीची मारू?" डेलोरिसने विचारले.

"नको. वारा वाढलाय."

सहाशे यार्डांपर्यंत एकही झेंडा हलत नव्हता. मर्लने थर्मासमधली कॉफी तिघांना ओतली आणि ओटच्या वड्यांचा डबा पुढे केला. मग स्वतःची न संपलेली कॉफी गवतावर ओतून, जरा काम आहे म्हणत, तो निघून गेला.

डेलोरिस लक्ष्यांचे कागद उतरवायला गाडीवाटेने पायी गेली. रायफल पुसायला फडके हवे होते म्हणून आर्विडने पिकअपच्या सीटमागे हात घातला. घोंगडीखाली चहाचा पत्र्याचा डबा होता. त्याने तो बाहेर ओढला तो त्याच्या वजनामुळे. पत्रा बोटांना कळला नव्हता.

डब्यात काडतुसे होती, त्याने भरलेली. प्रत्येकावर कागदी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर डेलोरिसच्या डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात तारीख. अकरा मे. सात जून. सात जून. एकवीस जून. त्याने एक काडतूस बोनेटवर उभे केले, बूड वर करून, आणि पाकिटातून वाहन परवाना काढून त्याची सरळ कड बुडावर आडवी ठेवली. परवाना डुगडुगला. दोन्ही बाजूंना कडेखालून उजेड दिसत होता. त्याने काडतुसावरून बोट फिरवले. गुळगुळीत लागले. त्याने डोळे मिटून पुन्हा फिरवले. गुळगुळीतच.

त्याने सगळी तपासली. तेवीस होती.

डेलोरिस परत आली तेव्हा डबा पुढच्या सीटवर, दोघांच्या मध्ये ठेवलेला होता. तिने तो पाहिला, कागद मागे टाकले, आणि गाडी सुरू केली. चार-पाच मैल गेले. कापणी झालेली शेते दोन्ही बाजूंनी मागे जात होती.

"मे महिन्यापासून," शेवटी आर्विड म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? सकाळी तू तळघरातून वर येतोस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा असतो. दिवसभरात तेवढाच वेळ. तो मी माझ्या तोंडाने घालवू?"

"सगळ्या क्लबात मी बोंबलत सुटलो, लॉट खराब, लॉट खराब. मर्लच्या गळ्यात पंधराशे मारले."

"मर्लचं काही वाईट झालं नाही." तिने एक खड्डा चुकवला. "आणि मला वाटलं, येईल हाताला परत. डॉक्टर म्हणाले होते ना."

"डेलोरिस, वर राहिलेला प्रायमर बोल्ट बंद करतानाच उडू शकतो. पुरता बंद व्हायच्या आत. तुझा चेहरा तिथून वीतभर असतो."

"मला शिकवतोस? म्हणून तर अंगठा फिरवत होते."

"आज फिरवलास. कळलं होतं तुला. तरी घातलंस आत."

टपालपेट्यांची एक रांग मागे गेली. पूर्वी त्या प्रत्येक पेटीशी ती थांबत असे.

"आज तू शेजारी उभा होतास," ती म्हणाली.

आर्विडने खिडकीतून बाहेर पाहिले. आपल्या हाताने भरलेले काडतूस वाईट आहे हे माहीत असताना तिने ते चेहऱ्यापाशी धरून बंद केले होते, कारण ते परत करणे तिला त्याच्या तोंडावर जमले नव्हते. लहान, सरळ वाक्य होते तिचे, आणि पुढचे तेरा मैल ते त्याच्याबरोबर आले.

घरी पोचल्यावर डेलोरिस टोपली घेऊन टोमॅटो उतरवायला गेली. रात्री पारा शून्याखाली जाणार होता. आर्विड डबा घेऊन खाली उतरला. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात पुन्हा दाबायचा नसतो. आधी गोळी काढायची, दारू ओतायची, मग पुढचे. या कामाला बोटांची टोके लागत नाहीत. मूठ आणि खांदा पुरतो. त्याने तेवीसच्या तेवीस काडतुसे उघडली, आणि मग सकाळच्या विसांपैकी उरलेली नऊही. दारू बाहेर नेऊन वाफ्यातल्या ओल्या मातीवर पसरली. परत येताना त्याने स्वयंपाकघरातून फोन केला.

"मर्ल, मी बोलतोय. निळ्या लॉटबद्दल मी क्लबात जे सांगितलं ते चूक होतं. प्रायमर चांगले आहेत. सोमवारच्या बैठकीत मी सांगेन, पण तुला आधी."

"म्हणजे आता परत मागणार."

"शंभर दे."

"शंभर? पंचवीस देईन. सुनेच्या पडद्यांना पुरतील तेवढे."

"मर्ल."

"ठेवतो दारात," मर्ल म्हणाला. "आर्विड, ऐक. सकाळी मी स्प्रिंगचं म्हणालो—"

"ऐकलं मी. ठेव फोन."

मग तो टेबलाशी आला. हत्याराचे चारही बोल्ट त्याने पान्याने सैल केले. एक नट बोटांतून निसटून जमिनीवर गेला. कुठे पडला ते आवाजावरून कळले, पण चिमटीत येईना, तेव्हा दोरीला बांधलेल्या चुंबकाने त्याने तो उचलला. हत्यार उचलल्यावर खालच्या ओकवर अडतीस वर्षांचा फिकट चौकोन राहिला. त्याने पट्टी आणि पेन्सिल घेतली, टेबलाच्या डाव्या बाजूला मापे घेतली, दोनदा तपासली, आणि ड्रिलने चार नवी भोके पाडली. लाकडाचा ताजा, आंबूस वास तळघरात पसरला. मूठ डाव्या हाताला येईल अशा बेताने हत्यार फिरवून त्याने बोल्ट आवळले. डेलोरिस त्याच्याहून बुटकी होती. स्टूल दोन आटे वर घेतले. दिवा त्या बाजूला ओढला. करडा, पिवळा, पांढरा आणि लाल हे डबे त्याने फळीवर सर्वांत वर ठेवून दिले.

मर्लची गाडी दारात थांबून घंटा न वाजवता निघून गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने डेलोरिस पायऱ्या उतरली. तिच्या हातात निळा डबा होता आणि मनगटांवर टोमॅटोच्या पानांचा हिरवा डाग. तिने आधी टेबलाची उजवी बाजू पाहिली, मग डावी. लाकडाचा भुसा अजून तिथेच होता. तिने डबा टेबलावर ठेवला. सिंकवर जाऊन हात धुतले, कोरडे केले, आणि स्टुलावर बसली.

आर्विडने निळ्या डब्यातला एक प्रायमर चिमट्याने उचलून हत्याराच्या वाटीत ठेवला आणि धुतलेली पुंगळी तिच्या हातात दिली.

"हळू दाब," तो म्हणाला. "आधी अडेल, मग सरकेल."

तिने मूठ खाली नेली. "सरकला."

"जा खाली. घाई नको. टेकेल तिथं थांब."

तिने डोळे मिटले. "टेकला."

"आता आणखी जरा. टपालपेटीचं दार बंद करायचीस तेवढं."

तिने तेवढे दाबले, पुंगळी काढली, बुडावरून अंगठा फिरवला आणि ती त्याच्यापुढे धरली. त्याने बोट पुढे केले नाही. वाहन परवान्याची कड बुडावर आडवी ठेवून, दिव्यासमोर धरून पाहिली. कड हलली नाही.

त्याने वही उघडली. प्रत्येक पानावर, प्रायमर कोणी बसवला त्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत त्याच्याच नावाची आद्याक्षरे होती. आजच्या तारखेखाली त्याने डेलोरिसची लिहिली, आणि तिला दुसरी पुंगळी दिली.